अळंबीचा मास्तर

माझी थोरली बहीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली. माझा मुलगा एम. डी. झाला, तालुक्याच्या गावी त्याचा दवाखाना आहे. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही, आणि समोरासमोर बसले की पाच मिनिटांत जुंपते. या पावसाळ्यात निमित्त झालं गॅरी लिंकॉफ या न्यूयॉर्कच्या अळंबीतज्ज्ञाचं. तो २०१८ च्या मार्चमध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी वारला. त्याचं पुस्तक बहिणीच्या कपाटात आहे, आणि त्याच्यासारखं आपणही गावातल्या हौशी मंडळींना घेऊन रानात अळंब्या बघायला जावं, असं तिच्या डोक्यात आलंय. मुलाचा सक्त विरोध. मी मध्ये बसून जे ऐकलं ते देतो. जिथे मला राहवलं नाही, तिथे मीही तोंड घातलंय.

भाचा : आत्या, आधी एक सांग. तुझ्या या लिंकॉफची बुरशीशास्त्रातली पदवी कुठली?

आत्या : पदवी तत्त्वज्ञानाची. पिट्सबर्गचा माणूस, तिथल्याच विद्यापीठात शिकला. अळंब्या तो आपल्या आपण शिकला.

भाचा : आमच्या धंद्यात अशांना बोगस डॉक्टर म्हणतात.

आत्या : बोगस डॉक्टर गाव बदलत फिरतो रे. हा चाळीसहून जास्त वर्षं एकाच ठिकाणी शिकवत होता, न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये. ती काय कोपऱ्यावरची नर्सरी आहे? जगातल्या मोठ्यात मोठ्या हर्बेरियमांपैकी एक त्या बागेत आहे. हाताखाली एवढे पदवीवाले असताना त्यांनी याला वर्ग घेऊ दिले, ते उगाच? उत्तर अमेरिकेतल्या हौशी अळंबीवाल्यांची जी मोठी संघटना आहे, तिचाही तो अध्यक्ष होता. आणि न्यूयॉर्कात ही रीतच आहे म्हण. ज्या मायकॉलॉजिकल सोसायटीच्या लोकांबरोबर तो हिंडायचा, ती १९६२ मध्ये नव्याने उभी केली जॉन केजने. केज कोण? संगीतकार! त्याने १९५९ मध्ये इटलीच्या टीव्हीवर अळंब्यांवरच्या प्रश्नांना धडाधड उत्तरं देऊन पन्नास लाख लिरा जिंकले होते.

भाचा : आणि त्याच केजने रानभाजी समजून हेलेबोर नावाची विषारी वनस्पती खाल्ली. हॉस्पिटलात त्याचं पोट धुवावं लागलं. तेही सांग ना.

आत्या : ते त्याने स्वतःच लिहून ठेवलंय म्हणून तुला कळलं.

(इथे दोघंही हसले. पुढे फारसं हसणं झालं नाही.)

भाचा : बरं, पदवीचं सोडून देऊ. माझं खरं भांडण पुस्तकाशी आहे. १९८१ चं, ऑड्युबन सोसायटीच्या मालिकेतलं. पाच लाखांवर प्रती खपल्या म्हणतात. मी चाळलंय ते तुझ्याकडे. सातशेच्या वर जाती. आधी रंगीत फोटो, आकार आणि रंग बघून लावलेले, आणि माहिती मागच्या पानांवर. आता रानात उभा राहिलेला माणूस काय करणार? फोटो जुळला की टोपलीत टाकणार. मागची पानं उलटायला पावसात कोण बसतंय?

आत्या : मागच्या पानांवर काय आहे ते तू बघितलंस का? प्रत्येक नोंदीत हिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या अळंब्या कुठल्या, हे वेगळं काढून दिलंय. हंगाम दिलाय, कुठल्या झाडाखाली, कुठल्या मुलखात, सगळं दिलंय. न वाचणाऱ्याला ब्रह्मदेवही शिकवू शकत नाही.

भाचा : आणि जे छापलंय तेच उद्या खोटं ठरलं तर? फ्रान्समध्ये एक पिवळी अळंबी आहे, ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रे. पिढ्यान् पिढ्या लोकांनी आवडीने खाल्ली. २००१ साली तिथल्या डॉक्टरांनी बारा रोगी नोंदवले. लागोपाठच्या जेवणांत भरपूर खाल्ल्यावर त्यांचे स्नायू विरघळायला लागले, तिघं गेले. जपानमध्ये २००४ च्या पावसाळ्यानंतर एंजल विंग म्हणून ओळखली जाणारी पांढरी अळंबी खाऊन सतरा माणसं दगावली. बरेचसे आधीच मूत्रपिंडाचे रोगी. तीही तोवर सगळीकडे खाण्याजोगी म्हणूनच मानली जायची. तुझ्या तज्ज्ञाने एकदा पुस्तकात ‘खाण्याजोगी’ असं लिहिलं की ते तिथेच राहतं. विज्ञान पुढे जातं आणि जुनी प्रत रद्दीतून कुणाच्या तरी हाती पडते.

आत्या : हे मात्र खरं. नावंही किती बदलली. अमेरिकेतल्या पिवळ्या शांतरेलला सगळी पुस्तकं युरोपातलंच नाव लावायची. डीएनए तपासल्यावर तिथे एकाऐवजी कितीतरी जाती निघाल्या. पण मग तुझ्याच बोलण्यातून काय निघतं? पुस्तकावर भागत नाही, माणूस लागतो. लिंकॉफ पुस्तक लिहून घरी बसला असता तर मी तुझ्याशी वादच घातला नसता. पुस्तकानंतरही तो साडेतीन दशकं लोकांना घेऊन चालत राहिला.

भाचा : आता लोक माणसाला कशाला विचारतील? मोबाइलवर फोटो काढायचा, ॲप नाव सांगतं.

आत्या : आणि ते तुला चालतं?

भाचा : अजिबात नाही! मी तेच सांगतोय. ॲप, पुस्तक, हौशी गाईड, तिन्ही एकाच माळेचे मणी.

आत्या : तिथेच तुझं चुकतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनवर एआयने लिहिलेल्या अळंब्यांच्या पुस्तकांचा सुळसुळाट झाला. लेखकाचं नाव खोटं, मजकूर यंत्राचा. सावध राहा, जाणत्या लेखकाचंच पुस्तक घ्या, नाहीतर जिवावर बेतेल, असा इशारा कुणी दिला? त्याच न्यूयॉर्क मायकॉलॉजिकल सोसायटीने. केजच्या आणि लिंकॉफच्या. लोकांना धोक्याची सूचना द्यायला हौशी मंडळच पुढे झालं ना?

मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने जे सांगितलं, त्यातलं निम्मं मला बाप असूनही ठाऊक नव्हतं.

भाचा : आत्या, तू एकदा अमाटॉक्सिन या अळंबीतल्या विषाचा रोगी डोळ्यांपुढे आण. रात्री आठला जेवला. काही नाही, झोपला. पहाटे उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. खाल्ल्यानंतर सहा तास ते अगदी चोवीस तास उलटलेले असतात, म्हणून अळंबीची आठवणसुद्धा कुणाला होत नाही. फॅमिली डॉक्टर सलाईन लावतो. दुसऱ्या दिवशी रोगी उठून बसतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, सुटलो. घात होतो तो इथेच. आत यकृतातल्या पेशींना नवी प्रथिनं करताच येत नाहीत, कारण आरएनए बनवणारं एन्झाइमच या विषाने अडवून धरलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्त थांबेना, शुद्ध हरपते. शिजवून, तळून, वाळवून हे विष जात नाही. हे विष असलेली डेथ कॅप नावाची एक चांगली मोठी अळंबी एका माणसाला पुरते. आम्ही कोळसा देतो, ॲसिटिलसिस्टीन देतो, मिळालं तर सिलिबिनिन देतो, आणि शेवटी यकृत बदलण्याची वेळ येते. तालुक्याच्या गावात यकृत बदलतात का गं? तू लोकांना रानात नेणार, कुतूहल लावणार. पुढच्या रविवारी ते तुझ्याशिवाय जाणार. त्यातला एक माझ्याकडे येणार, तोही तिसऱ्या दिवशी.

बहीण उठली आणि कपाटातून एक कागद घेऊन आली. त्यावर तिच्या अक्षरात एका पुस्तकाचं नाव होतं.

आत्या : आता माझं ऐक. लिंकॉफचं पहिलं नाव घेण्याजोगं काम ते ऑड्युबनचं पुस्तक नव्हे. त्याच्या चार वर्षं आधी, १९७७ मध्ये, त्याने डी. एच. मिचेल या डॉक्टरबरोबर अळंब्यांच्या विषबाधेवर हँडबुक लिहिलं. आणि ते कुणासाठी, तर डॉक्टरांसाठी आणि अळंब्या हुडकणाऱ्यांसाठी, एकाच पुस्तकात. तू आत्ता जे सांगितलंस, किती तासांनी त्रास सुरू झाला यावरून विष ओळखायचं, तेच शिकवायला हा बोगस माणूस तुझ्या जातभाईबरोबर बसला होता. खायला शिकवायच्या आधी त्याने मरतात कसे ते लिहिलं. बोल आता.

भाचा : हे मला माहीत नव्हतं.

आत्या : एमबीबीएसला तुम्हाला अळंबीच्या विषबाधेवर किती शिकवलं?

भाचा : फॉरेन्सिकच्या पुस्तकात थोडंसं. परीक्षेपुरतं.

(या उत्तरावर बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.)

आत्या : तुम्ही वॉर्डात राऊंड घेता ना? सीनियर पुढे, पोरं मागे. रोग्याच्या पोटावर हात ठेव, डोळे बघ, नखं बघ, मग रिपोर्ट बघ. लिंकॉफ रानात तेच करायचा. बिछान्याऐवजी पालापाचोळा. अळंबी वरून खुडायची नाही, बुडापासून उकरून काढायची. का? डेथ कॅपसारख्या अमानिटांची पिशवी मातीत असते, वरून खुडलीस की ओळखायची खूणच जमिनीत राहिली. कडं आहे का, कापल्यावर रंग बदलतो का, वास कसला, कुठल्या झाडाच्या मुळाशी. हे सगळं बघून झाल्यावर घरी येऊन ठसा.

ठसा म्हणजे काय ते तिने लगेच दाखवलं. आदल्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हिरवळीवरून तिने एक भली मोठी पांढरी अळंबी आणली होती. टोपीवर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारं कडं, दिसायला इतकी सुरेख की कुणालाही कढई आठवावी. टोपी देठापासून कापून, अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद जोडून त्यावर तिने ती पालथी ठेवली होती आणि वर काचेचा वाडगा झाकला होता. आता वाडगा काढला, टोपी उचलली. पांढऱ्या कागदावर टोपीखालच्या पडद्यांच्या रेघा जशाच्या तशा उमटल्या होत्या. रंग मळकट हिरवा. मी बोट लावलं तर पावडरीसारखे बीजाणू बोटाला लागले.

आत्या : क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीस. फोटोत ही चांगल्या खाण्याच्या अळंबीसारखीच दिसते, कोवळी असताना पडदेसुद्धा पांढरे. तुझ्या ॲपला हा हिरवा रंग रात्रभर थांबल्याशिवाय कसा दिसेल? अमेरिकेत अळंबी खाऊन जे लोक आजारी पडतात, त्यांत हिचा नंबर फार वर आहे.

भाचा : दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात. बेजार करते, पण सहसा मारत नाही.

आत्या : बघ, तुलाही शिकवता येतं की.

भाचा : शिकवणं वेगळं आणि जत्रा भरवणं वेगळं. टेल्युराइडचं काय? कोलोरॅडोतल्या त्या डोंगरी गावात १९८१ पासून अळंब्यांचा उत्सव भरतो, तुझा मास्तर त्यातला मुख्य माणूस. अळंब्यांच्या टोप्या, सोंगं घेऊन मिरवणूक निघते. नशेच्या अळंब्यांवर उघड चर्चासत्रं होतात. पुढे तो कामचाटकापर्यंत गेला, लाल टोपीच्या अमानिटाचं तिथले कोर्याक लोक काय करतात ते बघायला. एकदा मास्तरच रंगात आला की शिष्यांनी काय घ्यायचं?

आत्या : कुतूहल घ्यायचं. सोंग काढलं म्हणून कुणी मरत नाही. आषाढीला आपण काय चेहरे पाडून चालतो?

इथे मात्र मला मुलाचं पटतं. विषबाधेचं हँडबुक लिहिणाऱ्याने नशेच्या गप्पांना आपल्या मांडवात जागा द्यायला नको होती. त्याने मुद्दाम कुणाचं वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण मास्तरच्या तोंडून निघालेलं सगळंच प्रमाण मानलं जातं, गमतीतलंसुद्धा. बहिणीला हे मी सांगितलं. ती म्हणाली, “तू कॉलेजात शिकवलं नाहीस. पोरं मास्तरचं काहीच प्रमाण मानत नाहीत.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आत्या : तुम्ही दोघं टेल्युराइडलाच धरून बसलात. मला त्याचं सेंट्रल पार्क जास्त मोठं वाटतं. मॅनहॅटनच्या मधोमध ८४३ एकर, चहूबाजूंनी टॅक्सी आणि इमारती. तिथे सोसायटीच्या लोकांना घेऊन तो वर्षानुवर्षं चालला आणि यादी चारशे जातींच्या वर नेली. त्यातल्या खाण्याजोग्या किती? मूठभर. बाकीच्या शेकडो त्या लोकांनी नुसत्या बघितल्या, कुजक्या ओंडक्यावरच्या, लाकडाच्या भुशातल्या, नखाएवढ्या. पोटासाठी आलेला माणूस दुसऱ्या रविवारी येत नाही. जो वर्षानुवर्षं येतो, तो बघायला येतो. लिंकॉफने असे लोक तयार केले. त्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदी आज पदवीवालेही वापरतात.

भाचा : बरं, न्यूयॉर्कात चालू दे त्याचं. इथे कशाला? इथे जाणत्या बायका आहेतच की. पावसात मुंबई-गोवा रस्त्यावर पानांत बांधलेल्या अळंब्या घेऊन बसतात, त्यांना कुणी शिकवलं? वारुळावर आलेली अळंबी त्यांना अंधारात कळते.

आत्या : कळते, कारण त्यांना आईने, सासूने रानात नेऊन दाखवली. पुस्तक नाही, ॲप नाही. म्हणजे लिंकॉफचीच रीत झाली ना?

भाचा : नाही, फरक आहे. मी विचारलंय त्या बायकांना. त्यांना शेकडो जाती ओळखता येत नाहीत. चार येतात. त्या चार पक्क्या. पाचवी कितीही देखणी असो, हात लावत नाहीत, कुत्र्याची छत्री म्हणून लाथाडतात. तुझा मास्तर लोकांना सातशे दाखवतो. सातशेमुळे माणसाला वाटतं आपल्याला कळतं. चारमुळे माणूस जगतो.

हे वाक्य त्याने जोरात म्हटलं नाही. पण बहीण खुर्चीत सरळ होऊन बसली.

आत्या : मुद्दा चांगला आहे. पण त्या चार पक्क्या राहतात कुठे? आपल्याच डोंगरात. आग्नेय आशियातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलेल्या लोकांचं काय झालं? मायदेशी ते भाताच्या पेंढ्यावरची अळंबी खात, तिच्या बुडाशी पिशवी असते. तिकडे त्यांना तशीच पिशवीवाली दिसली, घरची म्हणून शिजवली. निघाली डेथ कॅप. गंमत बघ, ती डेथ कॅपही तिकडची नव्हेच. युरोपातून आणलेल्या झाडांच्या मुळांबरोबर कॅलिफोर्नियात शिरली. अळंबीही परकी, माणसंही परकी, आणि मध्ये सांगणारं कुणी नाही. आसामात २०२२ च्या एप्रिलमध्ये रानातली अळंबी खाऊन तेरा माणसं गेली, बरीचशी चहामळ्यांतली. ती काय ॲप बघून गेली होती? आता आपल्याकडे बघ. त्या बायकांच्या मुली पनवेलला, वसईला कामाला गेल्या. चार अळंब्यांची ओळख त्यांच्यापर्यंत पोचली का? आणि पोचली तरी ती वसईच्या हिरवळीवर लागू पडेल?

भाचा : पुण्यात आघारकर संस्था आहे. बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे तिथे. हे काम त्यांचं.

आत्या : संग्रह सांभाळणं त्यांचं काम, आणि ते करतात. दर रविवारी रबरी बूट घालून लोकांबरोबर चिखलात कोण उतरणार? ते काम बिनपदवीच्या, वेळ असलेल्या, बडबड्या माणसाचं. मला पदवी आहे, तेवढं एक वैगुण्य सोडलं तर मी लायक आहे.

भाचा : तू किती जाती दाखवणार?

आत्या : चारच. तुझं ऐकलं. पहिली वारुळावरची. देठ हातभर खाली जातो, थेट वाळवीने मातीत पोसलेल्या बुरशीच्या बागेपर्यंत, आणि ठसा गुलाबीसर येतो. माणसाला हिची लागवड जमलेली नाही, म्हणून वारूळ फोडायचं नाही आणि कळ्या उपटायच्या नाहीत, हेही त्यातच सांगणार. गोव्यात तिला सोन्याचा भाव येतो आणि त्यापायी लोक वारुळंच खणतात. दुसरी ही हिरव्या ठशाची. तिसरी अमानिटाच्या कुळातली, बुडाशी पिशवी असलेली, मिळाली तर. चौथी ओंडक्यावरची शिंपल्यासारखी, आणि तिच्याशेजारी तिच्यासारखी दिसणारी दुसरी. टोपली कुणी आणायची नाही. कागद, चाकू आणि भिंग. खायला घरची झुणका-भाकर.

भाचा : आणि मी?

आत्या : तू पहिला अर्धा तास बोलायचं. ते आरएनएचं, आणि दुसऱ्या दिवशी चहा मागणाऱ्या रोग्याचं. भीती घालायला डॉक्टरसारखा माणूस नाही.

मुलगा अजून पूर्ण राजी नाही. पाचवी अळंबी कुणीतरी विचारणारच आणि आत्याला उत्तर दिल्याशिवाय राहवणार नाही, असं तो म्हणतो. मी बहिणीला ओळखतो, त्याचं म्हणणं खरं आहे. तरीही माझा कौल बहिणीच्या बाजूने. लोक पाऊस पडला की रानात जाणारच आहेत, आणि हातात मोबाइल असणार आहे. त्यापेक्षा पुढे एखादा मास्तर चाललेला बरा.

मुलाने मात्र एक अट घातली, की हे लिहिशील तर शेवटी माझं एवढं छाप. ओळख पटलेली नसेल तर रानातली अळंबी खाऊ नका. खाल्ल्यानंतर उलट्या-जुलाब झाले तर खाऊन किती तास झाले ते लिहून ठेवा. सहा तासांनंतर त्रास सुरू झाला असेल तर गावातल्या सलाईनवर थांबू नका, यकृताच्या तपासण्या होतात अशा मोठ्या हॉस्पिटलात त्याच दिवशी जा. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी घरी परतू नका. उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, कागदात बांधून बरोबर न्या. आणि त्या ताटात जे जे जेवले असतील त्या सगळ्यांना तपासून घ्या, त्रास होत नसला तरी.